एका दिवसात १०० जिओकॅश शोधणं शक्य आहे का? नियोजन कसं करावं?

तुम्ही विचारलंय की तुम्ही चौघं मित्र एका दिवसात १०० जिओकॅश, म्हणजे जीपीएसच्या मदतीने शोधायच्या लपवलेल्या डब्या, शोधायचं ठरवताय, आत्तापर्यंत एका दिवसात जास्तीत जास्त ९ सापडल्या आहेत, तर हे जमेल का आणि तयारी कुठून सुरू करायची.

जमण्यासारखं आहे. पण आधी एक साधा भागाकार करा. १२ तास म्हणजे ७२० मिनिटं. खाणंपिणं, विश्रांती, चुकलेला रस्ता यांसाठी दीड तास बाजूला काढला की ६३० उरतात. म्हणजे एका कॅशच्या वाट्याला जेमतेम सहा मिनिटं. त्या सहा मिनिटांत मागच्या जागेहून पुढच्या जागेला पोचायचं, उतरायचं, शोधायचं, लॉगवर, म्हणजे डबीतल्या नोंदीच्या कागदावर, नाव लिहायचं, डबी होती तशी ठेवायची आणि परत निघायचं. तुमच्या ९ वाल्या दिवशी एका कॅशला किती वेळ लागला होता ते आठवून बघा, म्हणजे हा आकडा काय मागतो ते कळेल. तुमच्या जागी मी असतो तर पहिल्या खेपेला ६० ठरवले असते. आम्ही चौघांनी ८० ची यादी केली होती. त्यातल्या ७१ सापडल्या, ६ सापडल्या नाहीत आणि ३ आम्हीच सोडल्या.

मात्र हा आमचा दुसरा प्रयत्न होता. पहिला पार फसला होता आणि त्यातूनच सगळं शिकायला मिळालं, म्हणून आधी तो सांगतो.

त्या वेळी ५० ची यादी होती. पहिल्या तीन कॅश पंचवीस मिनिटांत झाल्या आणि आम्ही हवेत होतो. चौथी एका जुन्या पुलापाशी होती. मायक्रो, म्हणजे अगदी छोटा आकार, आणि काठिण्य, म्हणजे शोधायला किती अवघड, पाचपैकी ३. दहा मिनिटं झाली, वीस झाली. कुणीतरी म्हणालं, "आता एवढा वेळ घातलाय तर सापडल्याशिवाय हलायचं नाही." हे वाक्य त्या दिवशी आम्हाला भारी पडलं. ५५ मिनिटं गेली, डबी मिळाली नाही, आणि गेलेला वेळ भरून काढायच्या घाईत पुढच्या सोप्या कॅशही हातून सुटत गेल्या. अंधार पडेपर्यंत २३ झाल्या. परतताना गाडीत कुणी कुणाशी फारसं बोललं नाही.

म्हणून दुसऱ्या वेळी पहिला नियम ठरला तो शोधण्याचा नव्हता, सोडण्याचा होता. पोचल्यापासून चार मिनिटं आपल्या डोळ्यांनी शोधायचं, मग हिंट, म्हणजे लपवणाऱ्याने दिलेली सूचना, उघडायची, आणि सातव्या मिनिटाला सापडली नसेल तर निघायचं. घड्याळ एकाच माणसाच्या हातात. त्याने "चला" म्हटलं की वाद घालायचा नाही. हे काम आमच्यातल्या सगळ्यात शांत मित्राला दिलं होतं आणि ते त्याच्यासाठी सोपं नव्हतं, कारण चौथ्याच ठिकाणी त्याला स्वतःला डबीचं टोक दिसल्यासारखं वाटत असताना "चला" म्हणावं लागलं. तो म्हणाला. त्यानंतर दिवसभर कुणी कुरकुर केली नाही.

आता यादी. दिवस कसा जाणार हे निम्म्याहून जास्त इथेच ठरतं, तेव्हा हिला दोन-तीन संध्याकाळी द्या. ट्रॅडिशनल कॅशच यादीचा कणा असू द्या, कारण दिलेल्या अक्षांश-रेखांशावर गेलात की डबी तिथेच असते. मल्टी-कॅशमध्ये एका जागेहून दुसरीकडे, तिथून तिसरीकडे पाठवलं जातं. एरवी मला तो प्रकार फार आवडतो, पण या दिवसासाठी तो नको. काठिण्य आणि भूभाग (तिथवर पोचणं किती अवघड) या दोन्ही श्रेणी १ ते ५ असतात, मधे अर्ध्या-अर्ध्याच्या पायऱ्या. दोन्ही २ च्या आत ठेवा. आकारात स्मॉल आणि रेग्युलर जितके मिळतील तितके घ्या.

दोन कॅशच्या डब्यांमध्ये किमान १६१ मीटर, म्हणजे मैलाचा दहावा भाग, अंतर असावं असा नियम आहे. काही लोकांनी याच अंतराने एका रस्त्यावर ओळीने डब्या लावलेल्या असतात. त्याला पॉवर ट्रेल म्हणतात. अमेरिकेतल्या नेवाडामधली ईटी हायवेची ट्रेल जगभर माहीत आहे, तिथे हजाराहून जास्त कॅश लावल्या गेल्या होत्या. तुम्हाला १०० हाच आकडा हवा असेल तर अशी एखादी माळ तुमच्या आवाक्यात आहे का ते आधी बघा. विखुरलेल्या कॅश फिरून एका दिवसात १०० करणं फारच अवघड आहे. पायी किंवा सायकलवर जायच्या माळाही असतात आणि मला त्या गाडीच्या माळेपेक्षा बऱ्या वाटतात. गाडीतून शंभर वेळा चढण्या-उतरण्याने कंबर आणि गुडघे जेवढे दुखतात तेवढे चालून दुखत नाहीत.

तरी एक कळकळीने सांगतो. सगळी यादी माळेतल्या एकसारख्या डब्यांनी भरू नका. चार-पाच कॅश अशा घ्या ज्यांना लोकांनी भरपूर फेव्हरिट पॉइंट दिलेत, जिथे एरवी तुम्ही फक्त तेवढ्यासाठी गेला असतात. आम्ही अशा पाच ठेवल्या होत्या, दर पंधरा-सोळा डब्यांनंतर एक, आणि त्यांना सात मिनिटांचा नियम लावला नाही. त्यातली एक लाकडी पेटी होती. झाकणाला कुलूप नव्हतं, पण ठरावीक बाजूला कलवल्याशिवाय आतला खटका सुटत नव्हता. चौघं गुडघ्यावर बसून तिला हलवत होतो, आत एक गोळी घरंगळल्याचा आवाज येत होता, आणि तो आवाज ऐकत ऐकत मैत्रिणीने ती उघडली. बारा मिनिटं गेली तिथे. त्या दिवसाचं नाव काढलं की आम्ही चौघंही आधी त्या पेटीबद्दलच बोलतो.

यादीतल्या प्रत्येक कॅशचे जिओकॅशिंगच्या वेबसाइटवरचे शेवटचे चार-पाच लॉग, म्हणजे आधी येऊन गेलेल्यांच्या नोंदी, वाचाच. शेवटचे दोन लॉग ओळीने डीएनएफ असतील, म्हणजे आधीच्या दोघांना सापडलेली नसेल, तर ती काढून टाका. डबी बहुधा जागेवर नसते. लॉग ओला आहे, झाकण फुटलंय अशा नोंदी असतील तर आपल्याला काय मिळणार ते आधीच कळतं. त्या जागेला ठरावीक वेळेनंतर जाता येत नाही, किंवा सुट्टीच्या दिवशी तिथे गर्दी असते, हेही लॉगमधून समजतं. आम्ही १२४ कॅशपासून सुरुवात केली होती, त्या गाळून ८० केल्या.

मिस्टरी कॅश, म्हणजे कोडं सोडवल्यावरच जागा कळते अशा, घ्यायच्या असतील तर कोडी घरीच सोडवून आलेले अक्षांश-रेखांश भरून ठेवा. इथे एक चूक आमच्याकडून झाली, ती तुम्ही टाळा. जिओकॅशिंगमध्ये स्थान अंश आणि दशांश मिनिटांत लिहितात. एका मित्राने कोड्याचं उत्तर भरताना ३०.५०० मिनिटं हा आकडा ०.३०५०० अंश असा टाकला. दिसायला दोन्ही सारखेच. पण ३०.५ मिनिटं म्हणजे अर्ध्या अंशाहून थोडं जास्त होतात, त्यामुळे खूण सुमारे २२ किलोमीटर दूर जाऊन बसली. नशिबाने आदल्या रात्री नकाशावर सगळे ठिपके एकत्र बघताना एकच ठिपका लांब एकटा दिसला आणि चूक सापडली. तुम्हीही सगळी यादी एकदा नकाशावर पसरून बघा.

रस्ता आखताना पोचायला सोपं काय यापेक्षा निघायला सोपं काय ते बघा. गाडी वळवावी लागणार नाही, रस्ता ओलांडावा लागणार नाही, अशा बाजूने क्रम लावा. पूर्ण वर्तुळ करून सुरुवातीच्या जागी परत आलात तर उत्तम. पहिले दोन तास अगदी सोप्या कॅश ठेवा, म्हणजे हात बसतो. अंधारात चालतील अशा, मोकळ्या जागेतल्या, शेवटी ठेवा. आणि चार-चार तासांनी यादीत तोडायच्या जागा आधीच ठरवून ठेवा, म्हणजे उशीर झाला तर "इथून पुढच्या आठ गाळू आणि थेट तिकडे जाऊ" हे उभ्या उभ्या ठरवत बसावं लागत नाही.

चौघांची कामं वाटून घ्या. एक गाडी चालवणारा, आणि त्याने फक्त गाडीच चालवायची, फोनकडे बघायचं नाही. एक रस्ता सांगणारा, जो पुढच्या कॅशचं वर्णन आणि हिंट पोचण्याआधीच मोठ्याने वाचेल. हिंट वेबसाइटवर आरओटी१३ या साध्या पद्धतीने लपवलेली असते, प्रत्येक इंग्रजी अक्षराऐवजी तेरा जागा पुढचं अक्षर, आणि ॲपवर बोट लावलं की उलगडते. एकाने शोधायचं. चौथ्याने लॉग लिहायचा आणि घड्याळ सांभाळायचं. दर वीस कॅशला घड्याळाखेरीज बाकी कामं बदला. सलग शोधत राहिलं की डोळा बधिर होतो, समोरची डबी दिसत नाही. आमच्या सहा डीएनएफपैकी चार दुपारी दोन ते चारमधल्या आहेत, तेव्हा आम्ही कामं बदलायचं विसरलो होतो.

चौघांनी एकाच वेळी झुडपात घुसणं मात्र टाळा. त्याने वेग वाढत नाही. तिघं मिळून तीच जागा तीनदा बघतात आणि चौथी कुणीच बघत नाही. शिवाय गवत तुडवलं जातं, आणि पुढच्या माणसाला तिथे वाटच पडलेली दिसते.

सामान थोडकं घ्या, पण अचूक घ्या. दोन पेनं आणि दोन पेन्सिली, कारण दमट कागदावर पेन उठत नाही आणि पेन्सिल उठते. बारीक चिमटा. डोक्याला लावायचा टॉर्च. लांब दांडीचा छोटा आरसा, हात न घालता कपारीत बघायला. हातमोजे, प्रथमोपचाराची पिशवी, भरपूर पाणी, आणि फोन दिवसभर चालेल एवढी पॉवर बँक. जीपीएस आणि स्क्रीन सतत चालू असली की नवीन फोनही दुपारच्या आत मान टाकू शकतो. यादी ऑफलाइन उतरवून घ्या आणि कॅशची नावं, क्रम, हिंटा एका कागदावरही लिहून ठेवा. दोन तास आमच्याकडे नेटवर्क नव्हतं, तेव्हा त्या कागदावरच निभावलं.

चिमट्याबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण नॅनो कॅश तुमच्या वाट्याला येणारच. नॅनो बोटाच्या टोकाएवढी असते, मागे चुंबक, आणि रंगवलेल्या लोखंडी कुंपणावर ती एखाद्या खिळ्याच्या डोक्यासारखी दिसते. फिरवून उघडली की आत कागदाची पट्टी घट्ट गुंडाळलेली. ती नखाने ओढली की फाटते. चिमट्याच्या टोकात हळू धरून बाहेर काढायची, फक्त गटाचं नाव लिहायचं, आणि परत ठेवताना चिमट्याच्या पात्याभोवतीच गुंडाळायची, म्हणजे पहिल्याइतकी घट्ट होते आणि आत बसते. वाऱ्यात हे करताना पाठ वाऱ्याकडे करून बसा. एक पट्टी आमच्या हातून उडाली होती. ती शोधायला पाच मिनिटं लागली, आणि ती पाच मिनिटं कुणीही घड्याळाचं नाव काढलं नाही, कारण त्या पट्टीवर दुसऱ्या चाळीस-पन्नास जणांची नावं होती.

गटासाठी एक छोटं नाव आदल्या दिवशी ठरवा. पाच-सहा अक्षरांचं, तारखेसह मावेल असं. चौघांची वेगवेगळी नावं प्रत्येक पट्टीवर लिहिलीत तर वेळही जातो आणि लहान लॉग भरून जातो, मग तो बदलायला मालकाला, म्हणजे डबी लावणाऱ्याला, यावं लागतं.

शोधताना जीपीएसचं किती ऐकायचं? मोकळ्यावर तीन ते पाच मीटरची चूक धरा. दाट झाडांखाली किंवा उंच भिंतींमध्ये ती दहाच्या वर जाते, कारण सिग्नल आदळून फिरून येतो. बाण नाचायला लागला की फोन खिशात घाला. उभे राहा आणि विचार करा, मी इथे डबी ठेवली असती तर कुठे ठेवली असती? कपार, खांबाची मागची बाजू, मुळांमधली पोकळी, नीट रचून ठेवलेले दगड जे निसर्गात तसे रचले जात नाहीत. हा खेळ मुळात उभा आहे तो या चार-पाच मीटरवरच. २ मे २००० ला अमेरिकेने जीपीएसमध्ये मुद्दाम घातलेली चूक बंद केली. तोवर सामान्य माणसाच्या उपकरणात शंभरेक मीटरचा फरक पडू शकत असे. लगेच दुसऱ्या दिवशी, ३ मे रोजी, डेव्ह उल्मर यांनी ओरेगॉनमध्ये एक बादली लपवली आणि तिचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर टाकले. शेवटचे काही मीटर माणसाच्या डोळ्यांवर सोडलेले असतात, आणि मला सगळी मजा तिथेच वाटते.

खेळाबाहेरच्या लोकांना आपण मगल म्हणतो. त्यांच्यासमोर डबी उघड करू नका, पण कुणी सरळ विचारलं तर सरळ सांगा. लपवाछपवी केली की संशय वाढतो. एका भिंतीपाशी आम्हाला एका आजोबांनी विचारलं, "काही हरवलंय का?" आम्ही काय ते सांगितलं. ते म्हणाले, "मला वाटायचंच, या भिंतीपाशी एवढी माणसं का वाकतात!" मुलांच्या खेळायच्या जागा, शाळा, लोकांची घरं यांच्याजवळ कुणी असेल तर थांबूच नका. आम्ही सोडलेल्या तिन्ही कॅश अशाच होत्या, तिथे माणसं होती आणि चौघांनी कुंपणाशी घुटमळणं बरं दिसलं नसतं.

आता जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. आकड्याच्या मागे लागलेले काही गट सापडली नाही की स्वतःची नवी डबी तिथे टाकतात आणि "सापडली" अशी नोंद करतात. काही जण माळेतली पहिली डबी उचलतात, लॉग गाडीत लिहितात आणि ती दुसऱ्या डबीच्या जागी ठेवून ती दुसरी उचलतात. काही जण दोन गाड्यांत विभागून अर्ध्या-अर्ध्या कॅश करतात आणि संध्याकाळी चौघांच्या नावावर सगळ्या चढवतात. यातलं काहीही करू नका. प्रत्येक डबी कुणीतरी वेळ काढून बनवली आहे, जागा शोधून लावली आहे, ओली झाली की येऊन सुकवली आहे. मूळ डबी दोन हातांवर असताना शेजारी दुसरी टाकली की पुढच्या शोधणाऱ्याला काय सापडलं ते मालकालाही कळत नाही. आम्ही ठरवलं होतं की चौघांनीही प्रत्येक जागी पोचायचं, आणि डबी उघडलेली चौघांनी पाहिली असेल तरच मोजायची. तेवढ्याने आमच्या दहाएक कॅश कमी झाल्या असतील. होऊ देत.

संध्याकाळचा एक तास लॉगसाठी राखून ठेवा. ७१ ठिकाणी एकच मजकूर चिकटवला तर मालकाला काहीच कळत नाही. आम्ही प्रत्येक कॅशनंतर गाडीत एक वाक्य फोनवर रेकॉर्ड करत होतो. "झाकण घट्ट, आत कोरडं." "मुंग्या." "हिंटेतलं झाड पडलंय." घरी बसून तीच वाक्यं लिहिली. न सापडलेल्यांचे डीएनएफही लिहा, संकोच करू नका. लॉग भरला असेल किंवा डबी फुटली असेल तर मालकाला तसं कळवायची सोय आहे, ती वापरा.

आणि निघण्याच्या आदल्या रात्री यादी पुन्हा उतरवून घ्या. आमच्या यादीतल्या दोन कॅश त्याच आठवड्यात तात्पुरत्या बंद झाल्या होत्या. वेळेवर कळलं म्हणून त्यांच्या जागी गाळलेल्यांतल्या दोन घेता आल्या.

आमच्या सहा डीएनएफपैकी दोन ठिकाणी मालक नोंद वाचून बघायला गेले. डब्या खरंच नव्हत्या. दोघांनीही नव्या लावल्या आणि एकाने आम्हाला निरोप पाठवला, "या परत." अजून जाणं झालेलं नाही. पुढच्या यादीत पहिल्या दोन त्याच आहेत.